नर : अद्याप अज्ञात

आधी पंखा बंद करते.
स्पिरिटमधून काचेवर घेताना
दीड मिलिमीटरची ही बाई उडून गेली
तर पुन्हा मेढा रस्ता,
हामदाबाजच्या पुढची ती वावळ.
आणि वावळ आता तिथं नाही.

शरीर लंबगोल. रंग जिवंतपणी फिका हिरवा,
नंतर कुठलाच नाही.
शृंगिका चार खंडांच्या,
शेवटच्या खंडाचं टोक बोथट,
परीक्षेत चावलेल्या पेन्सिलीसारखं.
हे खोडते. इथं उपमा चालत नाहीत,
आकडे चालतात.

गाठ पानाच्या मधल्या शिरेवर, देठाजवळ,
चिंचोक्याएवढी (हे चालतं), वरून तांबूस.
आत पोकळी. पोकळीत ती, तिच्या मुली,
आणि मेणाची पांढरी पूड.
त्यांच्याच गोड थेंबांना ही पूड लपेटते,
थेंबांच्या गोळ्या होतात,
म्हणून एवढ्याशा खोलीत कुणी बुडत नाही.

पहिल्यांदा बघितली ती शमशुद्दीन मुलाणींनी.
तारेखालच्या फांद्या छाटायला शिडी लावली होती,
मी समोर एसटीची वाट बघत उभी.
"मॅडम, कॉलेजातल्या न्हवं तुम्ही?
ह्या झाडाला गोवर आल्यागत झालंय बघा."
पकडीनं एक गाठ फोडली.
अंगठ्यावर पूड सांडली
आणि पूड चालायला लागली.

"मावा आहे," मी म्हटलं.
"मावा पानटपरीवर असतोय," ते म्हणाले,
"न्हाईतर हलवायाकडं."
मग मी सांगत बसले. एसटी गेली.
सुईसारखी सोंड ती पानात खुपसते,
रस ओढते,
आणि पान, कुणी हुकूम दिल्यासारखं,
तिच्याभोवती खोली बांधायला घेतं.
त्यांनी वर तारेकडं बघितलं.
"म्हंजी आकडा टाकलाय.
मीटर न्हाई, बिल न्हाई,
आन् वर घरबी कंपनीनंच बांधून द्यायचं!"

सात महिने झाले. तीन संग्रहालयांना पत्रं,
जुनी वर्णनं, पायांवरच्या केसांची मोजणी.
इतकं नेमकं मला अजून लिहिता आलेलं नाही.
नियतकालिक तळटीपही घेत नाही.

नावाचं विचारलं तर दचकले.
"किडीला? नगो.
गाव म्हणंल, मुलाण्याला कीड लागली."
दीड महिन्यानं फोन :
"पोरगी म्हणती लॅटिनमधी असतंय ते.
लॅटिन कोण वाचतंय आमच्यात. टाका."

टाकलं.

संस्थापक मादी : वर्णन वर दिलं आहे.
तिच्या मुलींना बाप नाही.
मुलीच्या पोटात नात आधीच तयार,
लाल डोळे आलेले, पाय दुमडून घेतलेले.
काचेखाली दोघी एकदम दिसतात,
एकाच चित्रात काढाव्या लागतात.

पुढचा मथळा : नर.
माझ्या लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर
एका रकान्याशी पेन थांबतं दर जूनला,
कारकून चष्म्यावरून बघतो.
इथं मात्र लिहायची रीत ठरलेली आहे.
अद्याप अज्ञात.
दोन शब्द, पूर्णविराम,
आणि परीक्षक काही विचारत नाहीत.

ठिकाण : अक्षांश, रेखांश, उंची.
यंदा रस्ता रुंद झाला.
त्या अक्षांशावर आता डांबर आहे,
शेजारी किलोमीटरचा दगड, रंग न दिलेला.
दुसऱ्या वावळींवर शोधलं. चौदा झाडं.
पानं चुरगळली की तोच उग्र वास,
गाठ एकही नाही.
हे लिहायचं की नाही, ठरत नाही.

आज गुरुवार. अकराला वीज गेली, दुरुस्तीची.
भिंगाखालचा दिवा विझला.
कुठल्यातरी खांबावर ते असतील,
कमरेला पट्टा, दातांत वायरचा तुकडा.
पंख्याचा आता प्रश्नच नाही.
मी डोळा तसाच लावून बसले आहे.
मागच्या उजव्या पायाचं माप राहिलंय.